चॅनल दोनवरची तार

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. तीस वर्षं तिनं तिथल्या उपकरण-दुरुस्ती विभागात काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी एखादं यंत्र रुसलं की फोन तिलाच यायचा. या खेपेला पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचा आला.

"ताई, आपला मोठा स्कोप बंद पडलाय. भंगारात काढायचं म्हणतायत. एकदा बघता का?"

मोठा स्कोप म्हणजे चार चॅनलचा डिजिटल ऑसिलोस्कोप, विजेचे चार सिग्नल पडद्यावर चार रेघांच्या रूपात दाखवणारं यंत्र. नवा होता तेव्हा त्याला हात लावायलासुद्धा विभागप्रमुखांची परवानगी लागायची. पोटात अख्खा संगणक, आणि वजन असं की उचलणारे दोघं कंबर धरून बसावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. तिचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी आपलं ताट उचललं आणि खिडकीशी गेले.

"किती दिवसांचा पाहुणा?"

"आठवडाभर, फार तर."

"म्हणजे महिना," मास्तर म्हणाले.

पहिले चार दिवस काम झरझर झालं. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर तिनं बदलले. जुनी हार्ड डिस्क टिकटिक करत अखेरच्या घटका मोजत होती. तिच्यावरचं सगळं तिनं नव्या डिस्कवर उतरवलं. मेमरी वाढवली. पडदा उजळला तेव्हा मास्तरांनी खिडकीतूनच टाळी वाजवली.

मग तिनं चॅनल दोनवरचं पत्र्याचं झाकण उघडलं, आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

आत बोटाच्या पेराएवढी एक निळी तार होती. एक टोक सर्किट बोर्डावर, दुसरं झाकणाखालच्या पत्र्याच्या कवचाला कथलाचा डाग देऊन जोडलेलं. कारखान्यातून अशी तार येत नाही. तारेला कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवलेला, त्यावर लिहिलेलं: काढू नये.

अक्षर तिचं होतं. 'ढ'ची शेपटी आत वळवायची खोड होती तिची. शाळेत त्यावरून मार खाल्ला होता. डागसुद्धा तिच्याच हातचा, छोटा आणि चकचकीत. पण हे आपण कधी केलं? का केलं? तिला काही म्हणजे काही आठवेना.

तिनं तार तशीच ठेवून स्कोप चालवला. ठीक. तार काढून चालवला. तरीही ठीक. चारही रेघा शहाण्या मुलींसारख्या सरळ. तार परत जोडली, परत काढली. काडीचा फरक नाही. मग ही हवी कशाला? आणि नको होती तर 'काढू नये' असं बजावून कोणाला सांगितलं?

तिनं प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळणाऱ्या भाऊंना फोन लावला. भाऊंनी जुनं रजिस्टर काढून वाचून दाखवलं.

"या स्कोपखाली तुमच्याच सहीनं एक नोंद आहे, ताई. 'पंखा साफ केला.' बस."

"तारेचं काही?"

"नाही हो. का, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

पण झालं होतं. दुसऱ्या यंत्रांचं तिला सगळं आठवत होतं. कुठल्या मीटरमध्ये झुरळ सापडलं, कुठल्या जनरेटरचं बटण कोणी उलटं बसवलं, तिला तोंडपाठ. हीच एक तार मात्र कोरी. तिची आई शेवटच्या वर्षांत पोटच्या लेकीला विचारायची, "तुम्ही कोणाकडच्या?" ताईला ते आठवलं. मास्तरांपासून तिनं हे लपवलं. भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा मास्तरांनी ताटात दही वाढून घेतलं.

तार काढलेलीच ठेवायची, असं तिनं ठरवलं. नियमानं जायचं, मूळ आराखड्यात नाही ते यंत्रात नको. दुपारी तिनं झाकणं लावली, चारही चॅनलना सिग्नल दिला आणि स्कोप तसाच चालू ठेवून कपडे वाळत घालायला गेली. दोन तासांनी येऊन बघते तर चॅनल दोनची रेघ अंगात आल्यासारखी थरथरत होती. बाकीच्या तीन जागच्या जागी.

स्कोप बंद करून निवू दिला, तर रेघ सरळ. पुन्हा तापू दिला, तर थरथर. आता ती भिंग घेऊन बसली. कवच बोर्डाला जिथं जोडलेलं होतं, तिथल्या डागाला केसाएवढी चीर होती. थंड असताना टोकं टेकलेली. गरम झालं की उघडायची. आधीच्या चाचण्या तिनं पाच-पाच मिनिटांत उरकल्या होत्या, मग कळणार कसं? काढलेली तार त्या चिरेला वळसा घालून जोड पक्का ठेवत होती. जिनं लावली होती तिला हे सगळं ठाऊक होतं.

ताईनं चिरलेला डाग नव्यानं भरला, वर तारही जोडली. तीन तास रेघ हलली नाही. आनंद व्हायला हवा होता. पण ती तार लावणाऱ्या आपल्यातल्याच बाईला आपण ओळखत नाही, असं काहीतरी वाटत राहिलं. शेवटी चहाच्या वेळी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं.

"अगं, मी नद्या शिकवल्या जन्मभर, आता निम्म्या आठवत नाहीत," मास्तर म्हणाले.

"तुमचं वेगळं. मला ही एकच आठवत नाही."

"भीती वाटते?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मास्तरांनी चहा अर्धा टाकला आणि नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून मागाहून विचारले. ताईनं पाचही सांगितले, वर घड्याळाला सेकंदकाटा काढला.

"जन्मात किती यंत्रं दुरुस्त केलीत?"

"हजार-दीड हजार असतील."

"मग एखादी तार निसटणारच की. तुम्ही ठीक आहात. सहा महिन्यांनी पुन्हा या, तुमच्या समाधानासाठी."

परतताना मास्तर खुशीत शीळ घालत होते. ताईला 'निसटणारच' हे पटत होतं. पण हीच का निसटली, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तिच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर ती भर रस्त्यात थांबली आणि हसावं की घाबरावं ते तिला कळेना.

"काय गं?" मास्तरांनी मागे वळून विचारलं.

"काही नाही. चला."

सोमवारी दोघं कामगार आले आणि कण्हत स्कोप उचलून घेऊन गेले. आठवड्यानं प्राध्यापकांचा फोन आला की यंत्र नव्याहून बरं चालतंय, विद्यार्थी रांग लावतायत. ताईनं बरं म्हटलं आणि भाऊंना निरोप द्यायला सांगितलं, की रजिस्टरात 'पंखा साफ केला'च्या खाली जागा असेल तर सोडा, मी उद्या येऊन तारेचं लिहिते.