बिब्ब्याची माळ

कुत्र्याच्या गळ्यात बिब्बा बांधणारा चोपड्याच्या पंचक्रोशीत मी एकटाच असेन. त्याचं झालं असं, आमच्या काळ्या कुत्र्यानं भुईमुगात शिरलेली रानडुकरं एकट्यानं हुसकावली. गावभर कौतुक झालं. मला वाटलं, आता याला दृष्ट लागणार. गाईच्या वासराला बांधतात तसा बिब्बा याला का नको? ओलाच बिब्बा दाभणानं भोसकला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि बांधला.

तीन-चार दिवसांत त्याच्या गळ्यावर पुटकुळ्या उठल्या. मागच्या पायानं खाजवून खाजवून त्यानं त्या फोडल्या. थोरल्या भाऊंनी ते पाहिलं मात्र, गोठ्यातूनच ओरडले, "खरूज शे ही! बठ्ठा ढोरेस्ले लागी जाई, सगळ्या गुरांना! शुक्रवारी गाडी धरणगावला जातेय, तापीपलीकडे सोडून ये त्याला."

मी घाबरलो, कारण माझ्याही बोटांना खाज सुटली होती. म्हटलं, कुत्र्याबरोबर आपल्यालाही भाऊ तापीपलीकडे सोडणार! हात धोतरात लपवून मी कुत्र्याशेजारी बसलो आणि पहिल्यांदा त्याला नीट पाहिलं. खरूज कानाच्या कडांना धरते, कोपरांवरचे केस झडतात. इथे कान स्वच्छ, कोपरं तुकतुकीत. पुटकुळ्या फक्त दोऱ्याच्या रेघेत, आणि बिब्बा टेकायचा तिथे सगळ्यात दाट. मग मी स्वतःची बोटं पाहिली. दाभण धरलेल्या दोन बोटांवरच पुरळ होतं, भोवती बिब्ब्याच्या तेलाचा काळा डाग.

दोरा तिथल्या तिथे कापला. रिठ्याच्या पाण्यानं मान धुतली. बायकोनं काही न विचारता पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटून दिलं. बिब्बा उतला, म्हणजे त्याचं तेल अंगावर उठलं, की आमच्याकडे हेच लावतात. सकाळ-संध्याकाळ मी लेप लावायचो आणि तो वाळेपर्यंत कुत्र्याचे मागचे पाय धरून बसायचो, नाहीतर तो खाजवून सगळा लेप काढून टाकणार. येणारे-जाणारे विचारायचे, "काय नाना, पाय चेपताय का त्याचे?"

शुक्रवारी गाडी जुंपली. भाऊ आले, कुत्र्याची मान वर करून केस मागे सारत बघू लागले. पुटकुळ्या सुकून खपल्या धरल्या होत्या, नवी एकही नव्हती. मी सगळं कबूल केलं आणि पुरावा म्हणून बोटं पुढे केली. भाऊ एवढे हसले की बैल दचकले. "ऱ्हाऊ दे त्याला," ते म्हणाले, आणि गाडी कुत्र्याविना गेली.

मी त्याला घेऊन मुद्दाम पारावरून हिंडून आलो, छाती काढून, जणू रानडुकरं मीच हुसकावली होती. घरी आल्यावर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "गावाची दृष्ट लागून त्याचं काही बिघडलं नव्हतं हो. पुन्हा माया आली, तर नुसती भाकरी घाला."