आबांचं पुसलेलं भाषण

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस! पाचोऱ्यात चाळीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त करतोय. खरखर आली की आधी वायर बघायची, भूत नंतर. आता मीच असलं काही लिहितोय, म्हणजे कमालच झाली...

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. नरडाण्याहून यमुनाअक्का एकट्याच दुकानात आल्या. पंचाहत्तरीच्या पुढे वय. पदरात जुन्या टेपचं रीळ. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत त्यांच्या वडिलांनी, आबांनी केलेलं भाषण त्यात होतं.

"होतं म्हणजे?" मी विचारलं.

अक्का रडायलाच लागल्या. सभेनंतर दोनच महिन्यांत आबा वारले. त्याच्या पुढच्या महिन्यात शेजारी लग्न निघालं. गावात टेपचं मशीन एकच, रीळही एकच! हळदीची गाणी भरायची म्हणून बायकांनी तेच रीळ चढवलं. गायला पुढे बसवली दहा वर्षांची यमुना.

"मन्हा बापना आवाज मीच पुसा रे भाऊ..."

त्यानंतर अक्कांनी गाणं तोंडातून काढलं नाही. आता एक कान गेलाय, दुसराही चाललाय. तो जायच्या आत एकदा आबांचा आवाज ऐकायचा, एवढंच मागणं.

मी आदल्या दिवशीच आलेल्या एका गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं आणि रीळ लावलं. पूर्ण वाजवलं. नुसती गाणी. अक्कांना काय सांगू? उगाच रीळ मागे घेऊन पुन्हा सुरू केलं.

सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर गर्दीचा गलका आला. मग पोर गातेय म्हणून सगळ्यांना गप्प करणारा भारदस्त आवाज... "आते बठ्ठा चूप बसा भाऊ. मन्ही पोर गाई ऱ्हायनी."

गलका थांबला. आणि लहानग्या यमुनेचं गाणं सुरू झालं.

"आबा!" अक्का ओरडल्या. मग डोळे पुसत हसल्या — अहो, पोरीसारख्या हसल्या!

"परत लावू?"

"नको. ऐकी लिधं."

पुसलेल्या टेपवर जुना आवाज थोडा उरतो, हे मला कोणी शिकवू नये. पण ती गायली तेव्हा आबा जाऊन महिना झाला होता! रीळ माझ्याकडेच ठेवून अक्का घरी गेल्यावर मी वीस वेळा ते वाजवलं. कोरी पट्टी कोरीच.

परवा अक्कांचा फोन आला. माझं बोलणं त्यांना धड ऐकू येत नव्हतं, म्हणून स्वतःच मोठ्यानं बोलत होत्या.

"नातनी हळदले ये रे भाऊ. गाणा मीच म्हणसू!"