कुमुदने तपासलेला शेवटचा खेळाडू

अदितीचा फोन सकाळी सव्वासातला आला. ती ‘मावशी’ एवढेच म्हणाली, आणि तिच्या आवाजावरूनच मला कळले. कुमुद जाधव, अदितीची आई आणि माझी आठ वर्षांपासूनची मैत्रीण, हॉस्पिटलमध्येच वारली होती. सिडनीत तेव्हा दुसऱ्या वर्षीची टाळेबंदी कडक होती. त्यातच मी जाऊन आले होते ते औषधांचे दुकान संसर्गाच्या यादीत निघाले आणि मला चौदा दिवस घराबाहेर पडायची बंदी झाली. तिचा अंत्यविधी मी स्कोफिल्ड्समधल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पाहिला. सभागृहाच्या मागच्या भिंतीवर एकच कॅमेरा होता. दहा माणसांच्या पाठी दिसत होत्या, चेहरे नाहीत. तरीही कोण कुठे उभे आहे हे मी खांद्यांवरून ओळखले. खांदे वाचायला मला कुमुदनेच शिकवले होते, आणि तेही माझ्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

कुमुद सांगलीकडच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. तरुणपणी खो-खो खेळली, पुढे पंच झाली. मी पुण्यात तेहेतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर ती लेकीकडे आली, मी मुलाकडे. पुढे मुलाची नोकरी पर्थला गेली आणि मी इथेच राहिले. आमची पहिली भेट घराजवळच्या मैदानावर झाली. एक ठेंगणी, ताठ बाई मुलांची दप्तरे ओळीने मांडून खो-खोचे मैदान आखत होती. मी जाता जाता म्हणाले, “दोन खांबांमधलं अंतर कमी वाटतंय हो.” तिने वर न बघता विचारले, “गणिताच्या का?” मी हो म्हणताच मोजपट्टीचे एक टोक माझ्या हातात दिले. “मग धरा. नुसतं बोलू नका.” आमची मैत्री ही अशी, मोजण्यापासून सुरू झाली.

अदिती इथल्या एका लहान कंपनीत काम करते. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सामन्यांची चित्रफीत पाहून प्रत्येक खेळीची नोंद करायची आणि खेळाडूंचे अहवाल तिकडच्या संघांना पाठवायचे, असे ते काम. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात चेंडू हाताने फेकतात. मैदानाच्या कडेला उभे राहून, खेळी सुरू होताच पुढे धावत जाऊन, अचानक वळून तो फेकलेला चेंडू झेलणारा जो खेळाडू, त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून निवड करतात. ती निवड म्हणजे ड्राफ्ट. मोठ्या कॉलेजांचे खेळाडू सगळ्यांना ठाऊक असतात. लहान कॉलेजातल्या मुलाला आपण आहोत हे कळवण्यासाठी शेवटच्या वर्षाचे सामनेच असतात, आणि महामारीमुळे अनेक लहान कॉलेजांचे ते वर्ष खेळाविनाच गेले. अदितीकडे असा एक रिसीव्हर आला. मक्याच्या शेतांमधले कॉलेज, दोन वर्षांपूर्वीचे सात सामने, आणि तेही उंच मचाणावरच्या एकाच कॅमेऱ्याने टिपलेले. घरून काम करणाऱ्या अदितीच्या खुर्चीमागे बसून कुमुद ते बघत असे आणि मध्येच शेरे मारत असे. अदितीने त्यातले काही शेरे वरिष्ठांना कळवले. त्यांनी विचारले, “हे कोण लिहितंय?” अदिती म्हणाली, “माझी आई.” ते हसले आणि म्हणाले की या मुलाचा अहवाल मग आईलाच करू दे, दुसरे कोणी त्याच्याकडे बघणारही नाही.

कुमुदने पहिली अट घातली की त्याचे नाव तिला सांगायचे नाही. बोर्डाची उत्तरपत्रिका तपासताना आपण नाव बघत नाही, तसेच. त्याच्या पाठीवर एकोणीस हा आकडा होता, म्हणून तो आम्हा तिघींत ‘एकोणीस’ झाला. दुसरी अट अशी की आधी चेंडू त्याच्याकडे न येणाऱ्या खेळी बघायच्या. “चेंडू येणार म्हटल्यावर कोणीही धावेल गं. खो मिळणार नाही हे माहीत असलेली पोर चौकोनात कशी बसलीय, ते मी आधी बघायचे.” आणि मग खांदे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. खांद्यांची रेघ ठरावीक कोनापलीकडे वळली की फाऊल होतो. पंचाची नजर म्हणून पायांइतकीच खांद्यांवर असते. रिसीव्हर वळण्याच्या क्षणभर आधी त्याचे खांदे चुगली करतात आणि समोरच्याला सुगावा लागतो. एकोणिसाचे खांदे चुगली करत नव्हते. तो अगदी सरळ यायचा, आणि पाऊल पडले की दुसरीकडे असायचा. कुमुद टाळी वाजवून म्हणायची, “बघ, काय हूल दिली! याला कोणी शिकवलेलं नाही हे.”

तेव्हा तिची केमोथेरपी सुरू होती. आणि त्याच एप्रिलमध्ये पुण्याहून, सांगलीहून रोज एखादे नाव कमी झाल्याचा निरोप येत होता. सीमा बंद होत्या. जाणे शक्य नव्हते. मी एकदा न राहवून म्हणाले, “अशा दिवसांत आपण कुठल्या परक्या मुलाच्या धावण्याचे हिशेब करतोय, कुमुद!” तिने हातातले वेळ मोजायचे घड्याळ थांबवले. “तिकडच्यांसाठी इथे बसून मला काही करता येत नाही. याच्यासाठी येतंय. जे येतंय ते नीट करते.” त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

वेळ मोजण्याची पद्धत सोपी होती. त्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. दुसरी रेघ गाठेपर्यंत किती वेळ लागतो ते पाहायचे. मोजायची ती, आणि दहातली एक खेळी पुन्हा मोजायची मी, कारण फेरतपासणीवाचून गुण कायम होत नसतात. माझी वेळ दर वेळी तिच्यापेक्षा साधारण पाव सेकंद जास्त भरे. आधी मी स्वतःच्या म्हाताऱ्या अंगठ्याला दोष दिला. मग अदितीच्या संगणकावर एकेक चित्र पुढे सरकवून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. या खेळात चेंडू मधल्या खेळाडूच्या हातून मागे गेला की खेळी सुरू होते. मी त्या क्षणी घड्याळ दाबत होते. कुमुद दाबत होती ते एकोणिसाच्या पहिल्या पावलावर. ज्या इतर खेळाडूंशी आम्ही त्याची तुलना करत होतो, त्यांची वेळ अदितीने चेंडूपासूनच मोजलेली होती. म्हणजे हा मुलगा उशिरा सुटत होता, आणि तो उशीर कुमुदच्या अंगठ्याखाली झाकला जात होता.

हे मी दोन दिवस सांगितले नाही. सांगितले तेव्हा ती खवळली. पण चुकीवरून नव्हे.

“कधी सापडलं तुला?”

“परवा.”

“आणि दोन दिवस काय करत होतीस?”

“तुझी केमो झालेली... म्हटलं, जरा बरं वाटू दे.”

“म्हणजे आजारी माणसाला ग्रेस मार्क! गणिताच्या बाई, शोभत नाही हं तुम्हाला.” रागावली की ती मला ‘तुम्ही’ म्हणत असे.

राग ओसरल्यावर तिने त्या सवयीचे मूळ सांगितले. निवड चाचणीला खेड्यांतून मुली यायच्या. नवे मैदान, नव्या बाई, कडक शिट्टी. घाबरलेली मुलगी शिट्टीला दचकायची आणि उशिरा सुटायची. तिचे धावणे त्यामुळे कमी कसे ठरवायचे? म्हणून कुमुद शिट्टीपासून न मोजता पहिल्या पावलापासून मोजत असे. चाळीस वर्षे तिने तसेच केले, आणि काही मुली त्यामुळे पुढे गेल्या. “पण तिथे मी थांबायची पोरींसाठी,” ती म्हणाली. “चेंडू कोणासाठी थांबत नाही. सगळं पुन्हा मोजायला हवं.”

अहवाल द्यायला नऊ दिवस उरले होते. अदिती वैतागली. “आई, फ्रायडेला पुढचे तीन प्लेअर येतायत. पाव सेकंद कोण बघतंय? सगळे हायलाइट्सच बघतात.”

“म्हणूनच आपण बघायचं.”

केमोने तिच्या बोटांची टोके बधिर झाली होती; घड्याळ दाबले गेले की नाही हे तिला कळत नसे. मग तिने ते टेबलावर पालथ्या वाटीवर ठेवले आणि तळहाताच्या टाचेने दाबू लागली. रोज पहिल्या दहा खेळी हात बसण्यासाठी. त्या वहीत लिहायच्या नाहीत. सात सामने तिने पुन्हा मोजले. मळमळले की डोळे मिटून बसायची, आणि डोळे उघडले की विचारायची, “कितवी?” सातव्या दिवशी तिला उशिराचे कारण सापडले. इतर खेळाडू खेळी सुरू होण्याआधी मान वळवून चेंडूकडे बघत उभे राहतात. एकोणीस समोरच्या खेळाडूच्या पायांकडे बघत असे. त्या बघण्यामुळेच त्याला कधी आणि कुठे वळायचे ते कळे. आणि त्याच बघण्यामुळे चेंडू हललेला त्याला उशिरा कळे. ज्या थोड्या खेळींत त्याच्यासमोर कोणीच उभे नव्हते, त्यांत तो अगदी वेळेवर सुटला होता. त्या खेळींची वेगळी यादी तिने केली.

अहवाल तिने मराठीत लिहिला. अदिती इंग्रजीत उतरवत होती. पहिल्या वाक्यावरच अदिती अडली. “‘उशिरा सुटतो’ हे पहिल्याच ओळीत? आई, त्याला हा एकच चान्स आहे गं. हे वाचलं की पुढचं कोणी वाचणार नाही.”

“मग पुढचं असं उतरव की वाचावंच लागेल.”

“निदान खाली तरी लिहू या.”

“खाली लिहिलेली चूक म्हणजे लपवलेली चूक. त्याचं खरं दिसणारंच आहे एक दिवस. आपण लपवलं तर आपल्या चांगल्या शब्दावरही मग कोण विश्वास ठेवेल?”

शेवटी अहवाल गेला तो असा: ‘सुटण्यास उशीर करतो, हे शिकवता येईल. वळण्याआधी कळू देत नाही. हे शिकवून येत नाही. दोन्हींचे मूळ एकाच सवयीत आहे. पहिले सुधारताना दुसरे मोडू नये.’

ड्राफ्ट तीन दिवस चालला. शेवटच्या फेरीच्या आधी कुमुद म्हणाली, “आता सांग त्याचं नाव.” अदितीने सांगितले. ते नाव तिने दोनदा उच्चारून पाहिले, शाळेत नव्या मुलीचे नाव हजेरीत घेण्याआधी उच्चारावे तसे. मग शेवटपर्यंत आम्ही तिघी ते नाव ऐकू येण्याची वाट पाहत बसलो... ते आले नाही. अदिती पडदा बंद करून उठून गेली, आणि ते कुमुदला लागले. मला दाराशी सोडायला आली तेव्हा तिने विचारले, “मी त्या मुलाचं वाटोळं तर नाही ना केलं?” इतक्या वर्षांत स्वतःच्या निर्णयाविषयी तिने मला विचारलेला तो एकच प्रश्न. मी म्हणाले, “उत्तर बरोबर होतं. गुण कोणी किती द्यायचे, ते तुझ्या हातात नाही.” तिचे समाधान झाले नाही, हे मला तिच्या खांद्यांवरून दिसले.

दुसऱ्या दिवशी एका संघातून अदितीच्या वरिष्ठांना फोन आला. त्यांचा प्रश्न एकच होता: हा उशीर बघण्यामुळे होतो, समज मंद असल्यामुळे नव्हे, हे कशावरून? कुमुदची यादी तयारच होती. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांनाही संघ सरावाला बोलावू शकतात; आठवड्याभरात त्या मुलाला सराव शिबिराचे बोलावणे आले. ते त्या यादीमुळेच आले, असे मी म्हणणार नाही. एका घटनेमागून दुसरी घडली म्हणजे पहिली तिचे कारण ठरत नाही, हे मी मुलांना जन्मभर शिकवले. कुमुद मात्र त्या दुपारी दोन पुरणपोळ्या जेवली. पुढे आजार वाढत गेला आणि टाळेबंदी लागली. हॉस्पिटलमधून फोनवर ती विचारायची ते एवढेच, “शिबिरात त्याचं बघणं कोणी मोडलं नाही ना?” मला माहीत नव्हते. माहीत नाही, असेच मी सांगत राहिले.

टाळेबंदीत एकट्या राहणाऱ्याला एका ठरलेल्या व्यक्तीला घरी बोलावण्याची मुभा होती, आणि त्या व्यक्तीचे नाव सरकारकडे नोंदवावे लागे. माझ्या नोंदीत कुमुद जाधव हे नाव होते. ते बदलायला मला बरेच दिवस लागले. मग एका रविवारी सकाळी अदिती आली. हंगामापूर्वीचा, सरावासाठी म्हणून खेळतात तसा सामना होता. उत्तरार्धात आमचा ‘एकोणीस’ मैदानात उतरला. आता त्याच्या पाठीवर दुसराच आकडा होता, पण आम्हा दोघींनाही तो कोणता हे एकदम कळले. तो कडेला उभा राहिला आणि त्याने मान चेंडूकडे वळवली. चेंडू हलला, त्याबरोबर तो हलला.

“मावशी, वेळेवर!” अदिती ओरडली.

“थांब. वळू दे.”

सुटताच त्याची मान समोरच्या खेळाडूच्या पायांकडे खाली गेली. दुसऱ्या रेघेपर्यंत तो सरळ धावला, खांदे अखेरपर्यंत सरळ... आणि पाऊल पडले तेव्हा समोरचा खेळाडू एकटाच दोन पावले पुढे निघून गेला होता. चेंडू दुसऱ्याच बाजूला फेकला गेला. कॅमेराही तिकडे वळला, समालोचक त्या दुसऱ्याच्या झेलाविषयी बोलू लागला. आम्ही दोघी पडद्याच्या ज्या कडेवरून तो नाहीसा झाला होता, तिथेच बघत होतो.

अदितीने वही ओढली. “काय लिहू?”

“लिही: वेळेवर सुटला. न कळू देता वळला. एकच खेळी पाहिली आहे, आणखी पाहायला हव्यात.”

तिने लिहिले, आणि आम्ही पुढच्या खेळीची वाट बघत बसलो.