आईच्या गळ्याचं माप

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगणारच, कारण असला घोळ पोटात ठेवून मला चहा गोड लागत नाही.

मी पेणला राहते आणि तारेचे हार करते. तांब्याची तार पकडीने वळवायची, तिच्यात स्फटिक आणि रंगीत खडे गुंफायचे. हार असा, की माणसाआधी तो दिसावा!

एक दिवस रोह्याहून सुलभाताईंचा फोन. ओळख ना देख.

"आईसाठी हार पायजे. लांबून उठून दिसला पायजे हां."

"प्रसंग काय?"

"पंच्याहत्तरी! पुढच्या रविवारी. सगळा गाव जेवायला हाय."

आता तुम्हीच सांगा! आई, पंच्याहत्तरी, गावजेवण... मला तर देऊळच दिसलं. देवळाला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून देवीला नवा हार!

"आईला रंग कुठला चालतो?"

"हिरवा. दुसरा तिला खपत नाय."

"वजन झेपेल ना?"

"न झेपायला काय झालं! सगळं घर तिच्याच जिवावर उभं हाय."

केवढी ही श्रद्धा! मला फोनवरच भरून आलं.

माप मात्र विचारलं नाही. देवीच्या गळ्याचं माप विचारणं शोभतं का? मी शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यात गेले आणि पाच फुटी मूर्तीला सुतळी गुंडाळली. कारागीर रंगवता रंगवता म्हणाला, "वैनी, हा गणपती हाय. देवीला सोंड नसते, तेवढं कमी करा."

केलं कमी!

आठ दिवस घरात सुकट शिजू दिली नाही. नवरा म्हणाला, "हार करतेस की व्रत?" मी पुढची तार वळवायला घेतली. हिरव्या अकीक खड्यांच्या पाच ओळी, मध्ये मुठीएवढा स्फटिक. काम देखणं झालं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

शनिवारी देवीची ओटी भरायला नारळ, खण घेऊन रोह्याला गेले. पत्ता घराचा निघाला. म्हटलं, देवी घरातच असेल. चपला पार फाटकाबाहेर काढल्या.

"आधी आईचं दर्शन घेते."

"बसा ना," सुलभाताई म्हणाल्या, "आई आंघोळ करतेय."

"अभिषेक चाललाय का? मग थांबते."

सुलभाताईंनी मला जरा निरखून बघितलं.

तेवढ्यात न्हाणीचं दार उघडलं आणि हिरव्या लुगड्यातली एक एवढीशी म्हातारी बाहेर आली. "ही माझी आई," असं म्हणत सुलभाताईंनी हार तिच्या गळ्यात घातला. थेट गुडघ्यापर्यंत!

आजींनी हार पाहिला, माझ्या हातातला नारळ पाहिला. "अगो, मी अजून देव नाय झाले गो! उद्या माझ्या वाढदिवसाला जेवायचं हाय मला."

मग काय! घराच्या ओटीवर पक्कड घेऊन बसले. तीन ओळी काढल्या, तार नव्याने वळवली. आजी शेजारी बसून "अजून वर, अजून वर" करत होत्या. शेवटी हार असा बसला, की त्या आरशासमोरून हलेनात.

पण उरलेल्या तीन ओळी?

"देवीच्या नावानं केलास ना? मग देवीलाच वाहा," आजी म्हणाल्या. "कोपऱ्यावर देऊळ हाय."

मला हायसं वाटलं. निदान खऱ्या देवीपुढे तरी माझा अंदाज बरोबर ठरेल! तीन ओळी जोडून त्यांचा हार केला आणि देवळात गेले. गाभाऱ्यात वाकून पाहिलं. शेंदूर लावलेला वीतभर दगड.

पुजाऱ्यांनी हार उलटसुलट करून पाहिला. मग देवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, हार झकास हाय. पण आमच्या आईला गळाच नाय."