नानांची हलकी नाव

नानांच्या हातात काहीही द्या, आधी ते उचलून तोलायचे. आमची नवी खुर्ची पाहुण्यांसमोर एका हाताने उचलली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "जड हाय, गुरुजी." मला रागच आला होता.

नाना आर्वीच्या एसटी डेपोत पत्र्याचं काम करायचे आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. त्यांची मुलगी मंदा पोलिओने पायांनी अधू झालेली. हातांत मात्र बळ असं, की गल्लीतल्या बायका मिरच्या कांडायला तिच्याकडे यायच्या. विशीनंतर तिने बाहेर पडणंच सोडलं. लोक पायांकडे बघतात म्हणून खिडकी लावून बसायची, ताट अर्धं टाकायची.

"पोरगी आतून वाळून राह्यली," नाना म्हणायचे, "आन मी नुसता पाहून राह्यलो."

सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा मासिकात त्यांना परदेशी नावेचं चित्र दिसलं. कार्बनच्या काळ्या धाग्यांची, निमुळती, एका बाईने एकटीने खांद्यावर घेतलेली. पाण्यात नुसती मजेसाठी वल्हवायची म्हणे! त्या चित्राने नानांना झपाटलं. गावाजवळच्या तलावावरचा मासेमारीचा लाकडी डोंगा दोघांनाही हलत नसे. "तसली नाई. मंदीले एकटीले ढकलता आली पाह्यजे. आपल्या मनानं गेली पाह्यजे पोरगी."

काळा धागा आर्वीत कुठला मिळायला! नागपूरच्या एका कारखान्यातून त्यांनी मिनतवारीने काचेच्या धाग्यांचं कापड आणि ते कडक करणारी राळ आणली. बांबूच्या साच्यावर थर चढवायचे, जाड वाटला की घासून काढायचे. उन्हाळाभर राळेच्या वासाने आमचं डोकं उठलं. शेवटी एके दिवशी नानांनी नाव उचलून तोलली, तोंड वाकडं न करता खाली ठेवली. डोळे पुसत घरात गेले.

भल्या पहाटे, गल्ली झोपेत असताना मंदाला रिक्षातून तलावावर आणलं. नानांनी नावेला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ थेट तिच्या टोकावर आपटला. डेपोत दसऱ्याला बसच्या लोखंडी बंपरवर नारळ फोडायचे ते. हाताला तीच सवय. नारळ फुटला, आणि नावही हातभर चिरली.

नानांनी दोन्ही हातांनी चीर दाबून धरली.

"बाबा, मले बसवा," मंदा म्हणाली.

"बुडन ना वं ते!"

"बुडू द्या. मी अशी घरी नाई जात."

चिरेत धोतराची चिंधी कोंबून त्यांनी तिला बसवलं. छातीभर पाण्यात नाव धरून चालत, करवंटीने पाणी उपसत राहिले. "हात काढा, बाबा!" ती ओरडली. त्यांनी हात काढला. मंदा एकटी वल्हवत गेली, चांगली लांब गेली. मग नाव पाण्याखाली गेली आणि नानांनी पोहत जाऊन तिला केसांना धरून काठावर आणलं. ती खोकत होती आणि हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"आता पुन्हा कधी, बाबा?"

नाव तळाशीच राहिली. पुढे नागपूरचा तो कारखाना बंद पडला, तसलं कापड मिळेना. नानांनी नव्या सांगाड्याला ताडपत्री लावून पाहिली, पत्रा ठोकून पाहिला. एक नाव गळायची, दुसरी जड व्हायची. मंदाने विचारणं सोडलं, खिडकी पुन्हा लागली. "एका नारळानं पोरगी बुडवली मी, गुरुजी." मी समजूत घालायला गेलो की अंगावर यायचे.

अंगणात अशीच एक नाव अर्धी असताना नाना गेले. आम्ही तिरडी खांद्यावर घेतली. मंदा हातांवर सरकत दारापर्यंत आली. सगळ्यांदेखत, कितीतरी वर्षांनी.

"गुरुजी, जड हाय का?"

नाना हाडापेराने दांडगे. माझा खांदा ठणकत होता.

"नाई, मंदा," मी म्हणालो. "हलके हाय. लय हलके."