आडव्या सायकलीचा नवस

मांजरसुंब्याच्या घाटात भेटलेल्या त्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं नाव मी विचारलं नाही. माझा मित्र आडव्या सायकलीवर पाठ टेकून, पाय पुढे करून चालला होता; मी नेहमीच्या रेसिंग सायकलीवर, हँडलवर वाकून. कोणती सायकल भारी, हा आमचा वाद चालूच होता.

म्हाताऱ्यानं काठी आडवी धरून मेंढरं थांबवली आणि मित्राला हात जोडले.

"कोण्या देवीचा नवस हाय? लोटांगण घालीत निघालाव न्हवं?"

"नवस नाही बाबा, पाठ दुखते," मित्र म्हणाला.

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. माझ्या वाकलेल्या पाठीकडं मात्र तो बघतच राहिला आणि मला म्हणाला,

"त्यांचा नवस हाय. तुमी कावून एवढा तरास काढताव?"

मित्र पुढे गेल्यावर म्हाताऱ्यानं आडवी धरलेली काठी उचलली. मेंढरं रस्ताभर पसरली आणि मी पाय टेकून उभा राहिलो.