माजी अध्यक्ष आले

माझी लेक केंब्रिजला एका प्राचीन चिनी बखरीवर संशोधन करते. एका रविवारी ती लंडनमध्ये पिनरला घरी आली, तेव्हा मी विचारलं, "त्यात असतं तरी काय गं?"

"फार शॉर्ट असते, आई. दुष्काळ, लढाई, काहीही होऊ दे, एक ओळ. पण मग स्कॉलर्सनी दोन हजार वर्षं भांडण केलं, की नेमका हाच शब्द का? काय लिहिलं नाही, त्याचासुद्धा अर्थ."

मला भांडणापेक्षा ती एक ओळ आवडली. मी आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहिण्यात माझ्या दोन-दोन संध्याकाळी जायच्या. त्या महिन्याच्या मिनिट्स मी चार ओळींत उरकल्या: 'सर्व सदस्य उपस्थित होते. हॉल ठरला. श्रीखंडाऐवजी गुलाबजाम. माजी अध्यक्ष आले.'

त्या पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच माजी अध्यक्षांचा फोन. "वहिनी, सगळे 'उपस्थित' आणि मी तेवढा 'आलो'?"

"काका, तुम्हाला चाळीस मिनिटं उशीर झाला होता. ते लिहायला बरं वाटेना."

"म्हणजे सुचवलंत."

मग श्रीखंडाचा आग्रह धरणाऱ्या बाईंचा फोन. 'ऐवजी' या शब्दात त्यांचा पराभव कायमचा नोंदला गेला होता. दुपारी आमच्या कमिटीतल्या नागपूरच्या आयटीवाल्याचा.

"ताई, माझं नावच नाही."

"तू काही बोललाच नाहीस."

"हो, पण मुद्दामच गप्प होतो ना. ते यायला हवं होतं."

पुढच्या मीटिंगमध्ये पाऊण तास फक्त 'आले'वर चर्चा झाली. एक म्हणाले, अपमान. दुसरे म्हणाले, साधी नोंद. काका उभे राहून शब्दकोशातला अर्थ वाचू लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, गणपतीसुद्धा 'येतात'च. ते काय उपस्थित राहतात?"

काकांनी क्षणभर विचार केला. चेहरा उजळला. 'आले' तसंच ठेवावं, असं त्यांनीच सुचवलं आणि खाली बसले.

मी त्याच दिवशी सेक्रेटरीपद सोडलं. काकांनी ते आनंदाने घेतलं. परवा त्यांच्या पहिल्या मिनिट्स आल्या, अकरा पानं. मी सहाव्या पानापर्यंत पोचले आहे. मीटिंग अजून सुरू व्हायची आहे.